सापाला भरवणारी ही बाई कोण?

प्रश्न: आजोबा जहाजावर नोकरीला होते, त्यांच्या ट्रंकेत एक जाडजूड पितळी नाणं सापडलं. एका बाजूला दाढीवाला माणूस, दुसरीकडे उभी बाई, हातात ताटली, समोर साप आणि एस, सी अशी दोन मोठी अक्षरं. आई म्हणते नागपंचमीचंच काहीतरी असणार. चिंचेने घासून बघू का?
– एक वाचक, बत्तीस शिराळा

उत्तर: आधी ती चिंच ठेवून द्या प्लीज! नाण्यावरचा हिरवट-काळसर थर शेकडो वर्षांत धरलेला असतो, तो घासला की बारीक अक्षरं पण जातात आणि मग नाणं कुणालाच नीट वाचता येत नाही.

शिराळ्याच्या माणसाला नागपंचमी आठवणारच, पण वर्णनावरून ही रोमन देवी सालुस वाटते, म्हणजे आरोग्याची, सुखरूपपणाची देवी. रोममध्ये इ.स.पूर्व 302 पासून तिचं देऊळ होतं. साप तिथे वैद्यकाच्या देवाचा, त्यामुळे ती त्याला ताटलीतून भरवते, कधी साप वेदीवरून वर येतो तर कधी वेदीलाच वेटोळं घालून असतो, तुमच्या नाण्यावर कसाय ते भिंगातून बघाच, फार सुंदर काम असतं ते. सम्राट धडधाकट तर राज्य धडधाकट, हे लोकांच्या हातोहाती पोचवायचं म्हणून ती नाण्यावर. एस सी म्हणजे सिनेटच्या, रोमच्या राज्यकारभाराच्या सभेच्या, ठरावाने.

या देव्या चेहऱ्यावरून नाही, हातातल्या वस्तूंवरून ओळखायच्या. सुकाणू दिसलं की फॉर्च्युना, नशिबाची. तराजू असेल तर एक्विटास किंवा मोनेटा, दोघी इतक्या सारख्या की कडेचं नाव वाचल्याशिवाय सांगता येत नाही. गव्हाच्या ओंब्या आणि धान्याचं माप असेल तर बहुतेक अन्नोना, रोमला जहाजाने येणाऱ्या धान्याची देवी, मला सगळ्यात जवळची वाटते ती हीच.

दाढीवरून काळाचा अंदाज लागतो, कारण नाण्यांवर भरघोस दाढीची पद्धत सम्राट हेड्रियनपासून (इ.स. 117-138) रुळली. मोठं नाणं, म्हणजे सेस्टर्शियस, साधारण 25 ग्रॅमच्या आसपास भरतं, तेव्हा सराफाकडे वजन करून घ्या. आणि कड नीट बघा, सगळीकडून एक सरळ रेघ फिरली असेल तर ते साच्यात ओतलेलं, पर्यटकांना विकतात तसलं असू शकतं.

डोक्याभोवतीची अक्षरं जशी दिसतील तशी कागदावर उतरवून फोटोसोबत पाठवा, त्यावरून सम्राट शोधता येईल.