शो-जंपिंगचा घोडा पुढच्या पायाने लंगडतोय, एक्स-रे नॉर्मल आलाय. कोल्हापुरात पुढे काय करता येईल?

एक्स-रे नॉर्मल म्हणजे पाय ठणठणीत, असं समजू नका. त्यात हाड दिसतं. टेंडन-लिगामेंटची (स्नायू आणि हाडं जोडणाऱ्या दोरांची) इजा दिसत नाही, आणि उड्या मारणाऱ्या घोड्याचं दुखणं पुष्कळदा तिथंच असतं. हाडाला बारीक चीर असली तरी ती सुरुवातीला लपते, 10-14 दिवसांनी परत एक्स-रे काढल्यावर सापडते.

पण आधी दुखरी जागा पक्की करा. डॉक्टर खुरापासून वर एकेका टप्प्यावर पाय बधिर करणारी भूल देऊन घोडा दुडक्या चालीने पळवून बघतात. लंगडणं जिथं थांबलं, तपासणी तिथली. (चिरेची शंका असेल तर ही भूल नकोच. दुखत नाही म्हणून घोडा पायावर पूर्ण भार टाकतो आणि हाड पुरतं मोडतं.)

मग सोनोग्राफी. केस भादरून, जेल लावून, आणि तुलनेसाठी दुसऱ्या पायाचीही करायला सांगा. हे हमखास राहून जातं. मशीन पागेत आणता येतं, त्यामुळे लंगडं जनावर गाडीत घालून हायवेनं हेलपाटायला नको.

एमआरआयचा खरा उपयोग खुराच्या आतलं दुखणं शोधायला, कारण खुराच्या कवचातून सोनोग्राफी होत नाही.

तोवर रंकाळ्याच्या रस्त्यावर फेरफटकासुद्धा बंद.