मावशी तिसऱ्यांदा पुढे आल्या

"ताई, मी आमंत्रण देतो आणि कोणी उठतच नाही. माझ्यातच काही कमी आहे का?"

चर्चमध्ये उपदेश करणारी माणसं माझ्याकडे समुपदेशनाला आली की आधी झोपेची तक्रार सांगतात. हा प्रश्न मागाहून निघतो. हे गृहस्थ तिशीतले. आठवडाभर हिशेबाची नोकरी, रविवारी इंदूरच्या एका छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीत उपदेश. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) शनिवारी रात्री डोळ्याला डोळा नाही, रविवारी दुपारी घरात अबोला.

त्यांनी मोबाइलवर एका उपासनेचं रेकॉर्डिंग आणलं होतं. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीवरचा (धाकटा पैसे उधळून परततो, बाप त्याला जवळ घेतो, थोरला रुसून बाहेर राहतो) उपदेश छान होता. मग आमंत्रण, म्हणजे येशूवर विश्वास ठेवायचा असेल त्यांनी पुढे यावं, हे बोलावणं. डोळे मिटा. हात वर करा. ज्यांनी हात वर केला त्यांनी उभं राहा. आता पुढे या. पेटीवर तेच कडवं चौथ्यांदा. "कदाचित ही शेवटची संधी असेल..." मी घड्याळ लावलं होतं. चौदा मिनिटं.

"कोणी आलं?"

"एक मावशी. त्या तिसऱ्यांदा आल्या." जरा थांबून म्हणाले, "कानाशी येऊन म्हणाल्या, बाळा, आटोप आता, पोहे गार होतायत."

मला हसू फुटलं. ते मात्र हातरुमालाची घडी घालत-मोडत बसले होते. मग पुटपुटले, "माझी कीव आली असणार त्यांना."

खरं काम इथून सुरू झालं. बोलावणं ख्रिस्ताकडे होतं, पण मावशींना ऐकू आलं ते 'मला कोणीतरी सावरा'.

पुढे कोणी आलं नाही तर उपासना वाया गेली, असं ते लहानपणापासून धरून चालले होते. लोकांना पुढे बोलावण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत चार्ल्स फिनी यांच्यासारख्या उपदेशकांनी रूढ केली. बायबलात पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी तर ऐकणाऱ्यांनीच येशूचा शिष्य पेत्र याला विचारलं, आम्ही काय करावं? आणि त्याने नेमकं सांगितलं: पश्चात्ताप करा, बाप्तिस्मा घ्या. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. तेव्हा ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त काही वर्षांनी, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. "आता सांगा, त्यांचा हात कोणत्या रविवारी मोजायचा?" ते पहिल्यांदा हसले.

घरचा अभ्यास दिला: आमंत्रण दोन-तीन वाक्यांत लिहून आणा. आणलं पानभर. त्यात 'नोकरीचंही मार्गी लागेल' होतं, ते मी खोडायला लावलं. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यात आमिष दाखवून धर्मांतराला मनाई आहे, हे एक. पण कायदा नसता तरी खोडायला लावलं असतं; सुवार्तेत, म्हणजे येशूच्या शुभसंदेशात, तसं वचन कुठे आहे? 'वेदी', 'समर्पण' हे शब्दही गेले. पहिल्यांदा आलेल्या शेजाऱ्याला त्यातलं काय कळणार?

तिसऱ्या खेपेला कागदावर एवढंच उरलं: "येशूवर विश्वास ठेवावा असं आज कोणाला वाटत असेल, किंवा काही विचारायचं असेल, तर उपासनेनंतर मी खिडकीजवळच्या बाकावर बसलेला असेन. घाई नाही." त्यानंतर मिनिटभर शांतता, पेटी बंद. हेच सगळ्यात जड गेलं. माझ्या खोलीत सराव करताना वीस सेकंदांतच ते खाकरले आणि बोलायला लागले.

पुढे बोलावूच नये, असं माझं म्हणणं नाही. काही मंडळ्यांना ते शोभतं. यांना शोभत नव्हतं.

दोन रविवार बाक रिकामा. तिसऱ्या रविवारी कॉलेजातला एक मुलगा येऊन बसला. म्हणाला, त्या गोष्टीतला थोरला भाऊ शेवटी घरात गेला की नाही?

"मी काय सांगणार, ताई? शास्त्रात ते लिहिलेलंच नाही. तासभर बोलत बसलो. पोहे संपून गेले."

शनिवारची झोप अजून पुरती बसलेली नाही. त्यासाठी बुधवारी येताहेत.