चार हुकूम आणि अकरा पॉइंट असताना दोन बदाम कमीच

ब्रिजच्या डावात तुमची पानं अशी: इस्पिक ७-४, बदाम राजा-१०-६-३, चौकट एक्का-८-५-२, किलवर राजा-गुलाम-४. भिडूनं एक बदाम उघडलं, तुम्ही दोन म्हणालात, सगळे पास आणि हात झाले दहा, म्हणजे चार बदामांचा गेम (बोनस देणारी, दहा हातांची बोली) हुकला. मग जिमखान्यापासून दादर स्टेशनपर्यंत भिडूनं ‘बर्गन शिक’ (भिडूच्या रंगाला आधार दाखवायची एक बोलीपद्धत) म्हणून डोकं खाल्लं.

माझं मत विचाराल तर बर्गन तूर्त राहू द्या. दोन बदाम म्हणजे सहा ते नऊ पॉइंट (एक्का चार, राजा तीन, राणी दोन, गुलाम एक), बहुधा तीनच हुकूम. तुमच्याकडे अकरा आणि चार. इथे सरळ तीन बदाम, म्हणजे लिमिट रेज: चार हुकूम, दहा ते बारा पॉइंट, पुढचं भिडूनं ठरवायचं.

चौथ्या हुकमाचं एवढं कौतुक का, ते बघा. पाच-चार जमले की विरोधकांकडे चारच उरतात. ते दोन-दोन किंवा तीन-एक असे नव्वद टक्के वेळा विभागलेले असतात. तीन वेळा हुकूम खेळून सगळे काढून घेतले तरी डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या तुमच्या पानांत) एक शिल्लक. भिडूचं तिसरं इस्पिक त्यावर कापता येतं. पाच-तीनमध्ये तीनदा हुकूम खेळले की डमीतले संपले. म्हणून तीन हुकूम आणि अकरा पॉइंट असतील तर आधी दुसरा रंग सांगा, मग तीन बदामांवर या.

चार हुकूम आणि तेरा किंवा जास्त पॉइंट असले की जेकबी: दोन नो-ट्रम्प (एरवी ‘हुकूम नको’, इथे फक्त संकेत). गेम पक्का, आता स्लॅम (बारा किंवा तेरा हात) आहे का ते शोधायचं. भिडू तीनच्या पातळीवर नवा रंग बोलला तर त्या रंगात त्याच्याकडे एक पान किंवा तेही नाही. थेट चार बदाम म्हणाला तर ओपनिंग किमान.

स्प्लिंटर मात्र आजच घ्या, मला ही सगळ्यात लाडकी. एक बदामावर चार किलवर: हुकूम चार, गेमपुरती ताकद, किलवरचं फार तर एक पान. भिडूकडे किलवर ८-६-३ असेल तर तो खूश, कारण तिथे फार तर एक हात जाणार आणि त्याचे पॉइंट बाकीच्या रंगांत कामी येणार. राजा-राणी-३ असेल तर तेच पाच पॉइंट बरेचसे वाया. त्यानं चार बदामांवर थांबावं.

पाच हुकूम, एखादं एकटं पान आणि पॉइंट जेमतेम? थेट चार बदाम, विचार नको.

तुम्ही आधी पास दिलेला असेल तर ड्रुरी: दोन किलवर म्हणजे ‘आधार आहे, दहा-बारा पॉइंट आहेत, तुझं ओपनिंग खरं आहे ना?’ तिसऱ्या जागेवरून आपल्याकडे सर्रास हलकं उघडतात, तेव्हा उपयोगी.

बर्गनमध्ये तीन किलवर म्हणजे सात ते दहा आणि तीन चौकट म्हणजे दहा ते बारा, दोन्हींत चार हुकूम. तीन बदाम मात्र कमकुवत. पद्धत चांगली आहे, पण एकाला आठवली आणि दुसऱ्याला नाही, तर तीन किलवरवर पास पडतो.

पुढच्या वेळी पत्ते वाटण्याआधी भिडूला एवढं विचारा: भिडूच्या एक बदामावर मधल्या विरोधकानं डबल दिलं तर आपलं दोन नो-ट्रम्प म्हणजे काय? बहुतेक जोड्या तिथे जेकबी सोडून ‘लिमिट रेज किंवा जास्त’ असा अर्थ घेतात आणि तीन बदाम कमकुवत ठेवतात. तुमचं अजून ठरलेलं दिसत नाही.