आठ खूर

"मणक्यात गॅप आला", "गादी सरकली", "नस दबली". यवतमाळच्या खेड्यापाड्यांत समुपदेशन करताना ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीत, की फिल्मची पिशवी दारात दिसली तरी पुढचा प्रश्न कळतो: आता मी कायमचा अपंग का?

त्यातलेच हे एक भाऊ. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) पन्नाशी, पाच एकर कोरडवाहू. पेरणीत कंबर धरली, नागपूरला एमआरआय झाला. एल-४ आणि एल-५ या कमरेच्या मणक्यांमधली चकती, म्हणजे तीच गादी, झिजलेली, फुगलेली. तेव्हापासून खाटेवर. वावर बायको पाहते.

"वाकलो त नस दबन, ताई. मंग लकवाच."

"असं डॉक्टर म्हणाले?"

"नाई. रिपोर्टात लिवलं हाये ना."

डॉक्टरांनी पाय उचलून, ताकद आणि बधिरपणा तपासून धोका नसल्याचं सांगितलं होतं. त्यांच्याशी बोलून खात्री करूनच मी पुढे गेले.

दुखण्यापेक्षा दुखण्याला चिकटलेला विचार माणसाला जास्त दिवस आडवा ठेवतो, हे माझं ठाम मत. पण तीन भेटी नुसतं समजावण्यात गेल्या. चौथ्या वेळी पोळा नुकताच झाला होता.

"बैल कोणी धुतले?"

"म्याच. नाल्यावर."

"खूरही?"

"खूर घासल्याबिगर तोरणाखाली उभे करतेत का?"

मी गप्प बसले. त्यांचा हात हळूच कमरेवर गेला. बराच वेळ तिथंच राहिला.

"आठ खूर, ताई. वाकूनच."

हेच मी सांगितलं असतं तर पटलं नसतं. अशा वेळी तोंड बंद ठेवायला मला कित्येक वर्षं लागली.

मग फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ मुळीच न दुखणाऱ्यांच्या तपासण्या एकत्र मांडल्या होत्या. पन्नाशीतल्या सुमारे ८० टक्के लोकांत चकती झिजलेली, ६० टक्क्यांत फुगलेली. केस पिकावेत तसंच हे. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, चकती दिसत नाही. एमआरआयमध्ये दिसते, पण दुखतंय ते तिच्यामुळेच का, हे चित्र एकटं सांगत नाही. पायात उतरणारी कळ आणि डॉक्टरांची तपासणी त्या चित्राशी जुळावी लागते. म्हणून नुसत्या कंबरदुखीला पहिल्याच आठवड्यात एमआरआयसाठी कर्ज काढू नका.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली, पायातली ताकद झपाट्यानं कमी झाली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. कंबरदुखीसोबत ताप, विनाकारण घटणारं वजन, पूर्वीचा कॅन्सर किंवा मोठा मार असेल तरीही थांबू नका.

भाऊंना मी पहिल्या आठवड्यात धुऱ्यापर्यंत चालायला सांगितलं. पुढच्या वेळी ते पिशवी न घेताच आले.

"फवारणीचा पंप कवा घेऊ?"

ते डॉक्टरांना विचारा, म्हटलं. तोवर बायकोच्या हातातलं निंदण घ्या.