वडिलांच्या हृदयाच्या गोळ्या: सुरुवातीला एवढं सांभाळा

अँजिओप्लास्टीनंतर घरी आलेली गोळ्यांची पिशवी बघून गोंधळ होतोच. हळूहळू हात बसेल.

आधी एका कागदावर प्रत्येक गोळीचं मूळ नाव (जेनेरिक, म्हणजे आतल्या औषधाचं), मिलिग्रॅम आणि वेळ लिहा, ब्रँडचं नाव कंसात. केमिस्टकडे एक ब्रँड नसला की दुसरा मिळतो, मग घरी जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या चालू राहतात. औषध तेच, डोस दुप्पट! नवशिक्यांची ही सगळ्यात मोठी चूक. जनऔषधी केंद्रातही हाच कागद दाखवा, तिथे मूळ नावानेच औषध मिळतं.

स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) असेल तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या स्वतःहून एक दिवसही बंद करू नका; स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

बाकी:
- पाच-सहा दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणा. पावसात ट्रेन बंद पडली तरी अडायला नको.
- पट्टी कापून घेताना एक्सपायरी छापलेली बाजू मागा.
- गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन देऊ नका.
- गुडघेदुखीला केमिस्टकडून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन परस्पर आणू नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो.

बीपी, साखर बघायला गल्लीतले फॅमिली डॉक्टर पुरेत, फक्त डिस्चार्ज कार्ड त्यांनाही दाखवा. छातीत दुखायला लागलं तर मात्र दवाखाना उघडायची वाट न बघता लगेच १०८ लावा.