टॅरिफची तारीफ

प्रश्न : मुक्त व्यापारावरच्या चर्चांत ‘टॅरिफ कर’, ‘टॅरिफ शुल्क’ असं सर्रास ऐकू येतं. हे बरोबर आहे का? टॅरिफला मराठीत ‘जकात’ म्हणता येईल का?

पिवळा पीतांबर आणि गाईचं गोमूत्र चालत असेल, तर टॅरिफ करही चालवून घ्या. मला चालत नाही. ‘आयातशुल्क’ हा नेटका शब्द हाताशी असताना ही जोडाजोड कशाला?

आता गमतीकडे. मूळ शब्द अरबी, ‘तअरीफ’ : माहीत करून देणं, जाहीर करणं. आपली ‘तारीफ’ ती हीच. आणि ‘मार्फत’ही याच धातूतला. मअरिफत म्हणजे जाण, ओळख. तिच्या आधारानं काम होतं ते अमक्याच्या मार्फत. हिंदीत अनोळखी माणसाला ‘आपकी तारीफ?’ विचारतात, तेव्हा कोणी स्तुतिस्तोत्र मागत नसतं. जुना अर्थ तिथे अजून शाबूत आहे. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांमध्ये हा शब्द रुळला, इटालियनमध्ये ‘तारिफ्फा’ झाला आणि 16व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोचला. अर्थ : दरपत्रक. विजेचा टॅरिफ असतो, हॉटेलचाही असतो. तिथे कुठे काय आयात होतं? 2024 मध्ये ट्रम्प यांनी टॅरिफला शब्दकोशातला सर्वांत सुंदर शब्द ठरवलं. म्हणजे नकळत तारिफेचीच तारीफ केली.

काही हौशी व्युत्पत्तीकार स्पेनच्या तारिफा बंदराची गोष्ट सांगतात : तिथले चाचे जहाजांकडून खंडणी घेत, त्यावरून टॅरिफ. गोष्ट झकास, व्युत्पत्ती शून्य. ते गाव 710 साली तिथे उतरलेल्या तारिफ इब्न मालिकच्या नावाचं. त्या नावातला ‘त’ अरबीत वेगळं अक्षर आहे आणि ‘तअरीफ’मधलं ‘ऐन’ हे अरबी अक्षर त्यात नाहीच. दोन अक्षरं तपासायचे कष्ट न घेता लोक चाच्यांना कामाला लावतात.

माझं म्हणणं असं की अर्थतज्ज्ञांचं निम्मं भांडण ‘यादी’ हा अर्थ विसरल्यामुळे होतं. टॅरिफ म्हणजे जणू एकच नळ, उघडा किंवा बंद करा. मुक्त व्यापाराचा सिद्धांत मांडताना ब्रिटिश अर्थतज्ज्ञ रिकार्डोनं 1817 मध्ये दोन देश घेतले, इंग्लंड आणि पोर्तुगाल. दोन वस्तू घेतल्या, कापड आणि वाईन. दोन ओळींच्या यादीत सिद्धांत सुरेख चालतो. खरी यादी उघडून पाहा. 1988 पासून बहुतेक देश वापरतात त्या सहा आकडी वर्गीकरणात 090210 म्हणजे ग्रीन टी, तोही तीन किलोपर्यंतच्या पाकिटातला. पाकीट मोठं झालं की आकडा बदलला! अशा एकेका ओळीमागे कोणीतरी दबा धरून बसलेला असतो. 1930 मध्ये 1028 अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी आयातशुल्क वाढवणाऱ्या स्मूट-हॉले कायद्याविरुद्ध निवेदन दिलं, तरी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी सही केली. तत्त्व एका बाजूला, ओळी दुसऱ्या बाजूला, ओळी जिंकल्या.

हे ओळखलं होतं ते 1841 मध्ये बाल-उद्योगांची बाजू मांडणाऱ्या जर्मन पंडितानं. तो सरसकट संरक्षण मागत नव्हता : कारखान्यांना द्या, तेही ते पायावर उभे राहीपर्यंत, शेतमालाला नको. नाव फ्रेडरिक लिस्ट! जर्मनमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘चलाखी’ होतो, यादी नव्हे, हे मला माहीत आहे. तरी योगायोग सोडवत नाही.

हां, जकात. अरबीत ‘जकात’ म्हणजे धर्मानं सांगितलेलं दान. मराठीत येता येता दानाचा कर झाला. म्हणायला हरकत नाही, पण मालावर पडणारी ती जकात, दरांची यादी नव्हे. ‘शुल्क’ तर कौटिल्याच्या घरचा. बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीचा पाचवा हिस्सा. आणि अतिउपयोगी वस्तू व दुर्मीळ बियाणं यांच्यासाठी त्यानं ‘उच्छुल्क’ म्हटलंय, म्हणजे शुल्कमाफ. ‘ड्युटी-फ्री’साठी अडून बसलेल्यांनी हा शब्द उचलावा, फुकट आहे.