सोयाबीन पिवळं पडलंय, युरिया टाकू का? आधी मुळं बघा

राम राम मंडळी. या आठवड्यात देपालपूर-सांवेरकडून बऱ्याच जणांनी एकच विचारलंय, सात-आठ दिवस झड लागली, सोयाबीन पिवळं पडलं, सगळे युरिया टाका म्हणतायत, टाकू का? आणि महूच्या एका ताईंचा प्रश्न, मिरचीचं रोप लावलं, भरपूर पाणी दिलं तरी दुपारी मान टाकतं.

युरिया आत्ता नको. पाणी-खत ओढायचं काम मुळाच्या टोकामागचे बारीक केस करतात आणि एकेक केस म्हणजे एकच पेशी असते बरं का, लांब होऊन मातीच्या कणांमधे घुसलेली, पातळ भिंतीची, पानावर असतो तसा मेणाचा थर नसलेली, कारण तिचं कामच शोषायचं. पाणी तिच्यात आपोआप शिरतं पण युरियातलं नत्र ओढायला ताकद लागते, ताकदीला हवा लागते आणि आपल्या काळ्या मातीत पाणी तुंबलं की हवाच उरत नाही. ताट वाढलेलंय पण जेवणाऱ्याचा श्वास कोंडलाय, मग आणखी वाढून काय उपयोग? आधी चर काढून पाणी बाहेर घालवा, वाफसा आला, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नाही अशी झाली (आपल्या माळव्यात बतर म्हणतात तो), की डोरा म्हणजे कोळपं फिरवा.

मग एक झाड खुरप्याने काढा, ओढू नका, बादलीत धुवा आणि मुळावरची गाठ नखाने चिरा. गाठीतल्या पेशी जिवाणूंना सांभाळतात, ते हवेतलं नत्र झाडाला देतात. आतून गुलाबी दिसली तर काम चालू आहे, तो रंग आपल्या रक्तासारख्याच लोहाच्या पदार्थाचा, जिवाणूंना प्राणवायू बेताने पोचवणारा. हिरवट-तपकिरी निघाली तर गाठ संपली. युरिया जास्त झाला की झाड गाठी धरायचंच कमी करतं, म्हणून मी इतकं अडवतोय.

फक्त वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी पडतंय, 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 25 ग्रॅम चुना, गाळून फवारा. हिरवे-पिवळे चट्टे असतील तर तो मोझॅक, विषाणूचा रोग, ती झाडं उपटून टाका, तो पसरवणारी पांढरी माशी बघा.

आता ताई तुमची मिरची. रोप हिसकून उपटलं की तेच केस तुटतात, मग पाणी कितीही द्या, ओढणार कोण? इकडे पानाला बारीक तोंडं असतात, प्रत्येकाला दोन राखणदार पेशी, घेवड्याच्या दाण्यासारख्या, पाणी भरलं की फुगून तोंड उघडतात, कमी पडलं की ढिल्या पडून मिटतात, पण दुपारच्या उन्हात तेवढ्याने भागत नाही. पुढच्या वेळी वाफ्याला आधी पाणी द्या, रोप मातीसकट उचला, चार-पाच वाजता लावा. आत्ताची रोपं संध्याकाळी सरळ होत असतील तर थांबा, थोड्या दिवसांत नवे केस फुटतील. सकाळीही मान खालीच दिसली तर एक रोप मातीसकट काढून माझ्याकडे घेऊन या.